गाडीचा मालक कोण? हप्त्याच्या कागदाची दीडशे वर्षं

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आपल्या तालुक्यात ज्यांच्या दारात हप्त्याची गाडी उभी आहे, मग ती पिकअप असो, प्रवासी जीप असो, ट्रॅक्टर असो की घरची कार, त्यांनी सवडीने वाचावी. आणि ज्यांनी दुसऱ्याच्या गाडीसाठी जामीनदार म्हणून सही केली आहे, त्यांनी तर जरूर वाचावी.

प्रश्न साधा आहे. पाच वर्षांच्या हप्त्यावर गाडी घेतली, तीन वर्षं हप्ते भरले. आज त्या गाडीचा मालक कोण? बसस्टँडवर दहा जणांना विचारा. पाच म्हणतील आपण, पाच म्हणतील फायनान्सवाला. गंमत म्हणजे कायद्यानेही दोन्ही उत्तरं दिलेली आहेत, आणि दोन्ही वेळा ओझं गाडी घेणाऱ्याच्याच डोक्यावर आलं आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मालकाची व्याख्या आहे. गाडी कर्जावर किंवा भाडे-खरेदीवर असेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या एका प्रकरणात हीच व्याख्या लावली आणि सांगितलं की कर्ज देणारी बँक मालक नाही, भरपाईची जबाबदारी तिच्यावर येत नाही. म्हणजे अपघात झाला, चालान फाटलं, विम्याची तारीख उलटली, की मालक तुम्ही. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयासमोर हप्ते थकलेल्या एका जीपचं प्रकरण होतं. तिथे निकाल असा झाला की भाडे-खरेदीच्या करारात शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालक फायनान्स कंपनीच असते, आणि मालकाने स्वतःची वस्तू परत नेली तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे हप्ता थकला की मालक ते.

वकील मंडळी सांगतील की दोन्ही प्रकरणं वेगळी, करार वेगळे, कलमं वेगळी. बरोबर आहे. पण बोरद किंवा सोमावलच्या ज्या पोराने पिकअपवर घर चालवायचं ठरवलंय, त्याला या दोन्ही निकालांच्या मधेच उभं राहावं लागतं. ही वेळ कशी आली त्याला इतिहास आहे, आणि तो गाड्यांच्याही आधीचा आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. हेच ते दख्खनचे दंगे. बघता बघता ते पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की लोकांचा राग मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदावर होता. खतं, रोखे, वह्या मागायच्या आणि चौकात जाळायच्या. सावकाराने कागद निमूट दिले तर बरेचदा त्याला हातही लावला नाही. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगठा कशावर घेतला ते कळत नव्हतं. पण आपली जमीन कोर्टात जाते ती त्या कागदाच्या जोरावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या ४ जिल्ह्यांपुरता होता, आपला खानदेश त्यात नव्हता. पण त्यातल्या तरतुदी आजही बघण्यासारख्या आहेत. खतावर काय आकडा लिहिलाय तेवढंच न बघता कोर्टाने मागचा सगळा व्यवहार उकलून बघायचा, मुद्दल किती, व्याज किती, भरणा किती. कर्जाची खतं गावच्या निबंधकासमोर लिहायची. सावकाराने प्रत्येक भरण्याची पावती द्यायची, आणि कुणबी मागेल तर वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही. मुंबई इलाख्यात दामदुपटीचा जुना नियमही चालत होताच, व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागता येत नसे.

कायदा आला म्हणून सावकारी संपली असं अजिबात नाही. शहाणे सावकार कर्जाच्या खताऐवजी जमिनीचं खरेदीखत करून घ्यायला लागले. कर्जाचा कागद नकोच, विक्रीचाच कागद! ही युक्ती ध्यानात ठेवा, पुढे तिची बहीण भेटणार आहे.

आपल्याकडे शहादा-तळोदा भागात हिशेबाच्या वहीने काय केलं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सालदारीची उचल, खावटीचं धान्य, लग्नाला घेतलेले पैसे, सगळं एकाच्याच वहीत आणि वही एकाच्याच पेटीत. आदिवासींच्या जमिनी अशाच गेल्या. १९७२ मध्ये अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली भूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं, त्याच वर्षी श्रमिक संघटना झाली. पुढे आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा झाला, १९७५ मध्ये राज्यात कर्जमुक्तीचा कायदा आला. या इतिहासावर पुस्तकं आहेत, मी इथे थांबत नाही. १९७२ हे साल मात्र धरून ठेवा.

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. कारण हप्त्याने वस्तू घ्यायची आजची पद्धत तिकडून आली आणि तिचा सगळा कायदा एका पियानोवर उभा आहे. एका माणसाने दुकानदाराकडून पियानो 'भाड्याने' घेतला. दरमहा भाडं द्यायचं, ठरलेली सगळी भाडी भरली की पियानो त्याचा. मधेच त्याने तो गहाण टाकला. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की या माणसाने पियानो विकत घ्यायचं कबूल केलेलंच नव्हतं, तो फक्त भाडेकरू होता, त्यामुळे पियानो दुकानदाराचाच. झालं. कर्ज म्हणायचं नाही, विक्री म्हणायची नाही, भाडं म्हणायचं. वस्तू शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या नावावर, आणि पैसे मात्र किंमत अधिक व्याज एवढे. आपल्या सावकाराने कर्जाला विक्री म्हटलं, तिकडच्या दुकानदाराने कर्जाला भाडं म्हटलं. हीच ती बहीण.

तिकडे याचा त्रास लवकरच सुरू झाला. गरीब घरातलं सामान बरेचसे हप्ते भरून झाले तरी एखादा हप्ता चुकला की उचलून न्यायचे आणि पुन्हा दुसऱ्याला विकायचे. एलन विल्किन्सन नावाच्या खासदार बाईंनी त्याविरुद्ध विधेयक आणलं आणि १९३८ साली तिकडे कायदा झाला. एक तृतीयांश पैसे भरले असतील तर कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तू परत नेता येणार नाही. एवढी एकच ओळ, पण तिने बाजू फिरवली. आता दारावर जायच्या आधी कंपनीला कोर्टात जाणं भाग होतं.

भारतात मोटारी आणि ट्रक हप्त्यावर द्यायचा धंदा वाढला तो आधी दक्षिणेत. सुंदरम फायनान्स १९५४ ला मद्रासमध्ये सुरू झाली. १९६१ मध्ये विधी आयोगाने आपल्या विसाव्या अहवालात भाडे-खरेदीसाठी स्वतंत्र कायदा हवा असं सांगितलं. आणि १९७२ मध्ये, म्हणजे शहाद्यात भूमुक्तीचे मोर्चे निघत होते त्याच वर्षी, संसदेने हायर-पर्चेस कायदा मंजूर केला.

तो कायदा काढून वाचा, वाईट वाटेल. करार लेखी हवा. त्यात रोखीची किंमत वेगळी आणि हप्त्याची एकूण किंमत वेगळी लिहायची. कंपनीने किती आकार लावायचा यालाही मर्यादा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किमतीचा ठरावीक हिस्सा भरून झाला असेल तर दावा लावल्याशिवाय वस्तू परत घ्यायची नाही. हा हिस्सा इंग्लंडपेक्षा जास्त ठेवला होता, मोठ्या गाड्यांना पाऊण किंवा त्याच्याही वर. तरी तत्त्व मान्य झालं होतं: ज्याने बहुतेक पैसे भरले त्याची वस्तू रस्त्यात अडवून नेता येणार नाही.

कायदा झाला, राष्ट्रपतींची सही झाली, १ जून १९७३ पासून लागू होणार अशी अधिसूचनाही निघाली. आणि ती तारीख उजाडायच्या आधीच अधिसूचना मागे घेतली गेली. पुढची तीस-बत्तीस वर्षं तो पुस्तकात पडून राहिला. एक दिवस सुद्धा नीट चालला नाही. शेवटी २००५ साली संसदेने दुसरा कायदा करून तो रद्दच केला. सरकारं बदलली, पक्ष बदलले, पण या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत दिसतं. माझ्या मते आपल्याकडच्या हप्त्याच्या व्यवहारातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच, आणि त्यावर मराठी पेपरात चार ओळीही सहसा सापडत नाहीत.

का, ते बघा. नेमक्या याच काळात फायनान्स आपल्यापर्यंत पोचला. बजाजने १९८७ मध्ये दुचाकी-तीनचाकीच्या कर्जासाठी वेगळी कंपनी काढली. नव्वदनंतर गैरबँकिंग वित्त कंपन्या वाढल्या, जीप-ट्रॅक्टर-पिकअपवर कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी तालुक्याच्या गावात माणसं नेमली. बँक ज्याला दारात उभं करत नव्हती त्याला त्यांनी गाडी दिली, हेही खरंच आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आज जी प्रवासी आणि मालवाहू गाड्यांची रांग दिसते, ती रोखीने आलेली नाही. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या किती घरांत जमीन नाही पण गाडी आहे. गाडी हीच त्यांची शेती. म्हणून ती ओढून नेली की काय जातं ते वेगळं सांगायला नको.

कायदा नसल्यामुळे संरक्षण आलं ते तुकड्या-तुकड्याने. पहिला मोठा तुकडा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यामागे बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातून सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळी होत्या, ही आपल्या महाराष्ट्राची कमाई. गाडीवाल्यांच्या कामाची एक गोष्ट त्यात १९९३ च्या दुरुस्तीने आली. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर बसते. स्वतःची एक पिकअप स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे. 'तुझी गाडी कमर्शियल आहे, तुला ग्राहक कोर्ट लागू नाही' असं काउंटरवरून सांगतात, ते ऐकून घरी परतू नका.

कोर्टांचे निकाल मात्र कधी इकडे, कधी तिकडे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड पाठवणाऱ्या बँकांना झापलं. २०११ मध्ये सिटिकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात सांगितलं की भाडे-खरेदी असली तरी गाडी घ्यायची ती कायदेशीर मार्गानेच, दांडगाईने नाही. मग २०२० चा निकाल, ज्याचा वर उल्लेख केला. मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध जीपचा मालक (की भाडेकरू, काय म्हणायचं ते म्हणा). जीप २००२ ची. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग तिन्हीकडे तो जिंकला, आणि अठरा वर्षांनी दिल्लीत हरला. नीट नोटीस न दिल्याबद्दल कंपनीने त्याला १५,००० रुपये द्यावेत एवढं पदरात पडलं. २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बळजबरीने गाड्या ओढणाऱ्या बँकांना आणि कंपन्यांना दंड केला. म्हणजे रस्ता अजून एकसारखा नाही.

काही जण म्हणतात, सावकारांसाठी कायदा आहे ना. आहे. आधी १९४६ चा मुंबई सावकारी कायदा होता, आता राज्याचा २०१४ चा आहे, परवाना लागतो, व्याजाचा दर सरकार ठरवतं. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात सांगून टाकलं की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. म्हणजे सुप्याच्या दंग्यांपासून सावकारावर जी जी बंधनं आली त्यातली राज्याची बंधनं फायनान्स कंपनीला नाहीत. तिचा मालक एकच, रिझर्व्ह बँक.

मग रिझर्व्ह बँकेने काय केलं? २००६ मध्ये वित्त कंपन्यांसाठी आचारसंहिता आली. २००९ मध्ये तीत गाडी जप्तीबद्दल स्पष्ट केलं: करारातच लिहिलेलं असलं पाहिजे की ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस देणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, लिलाव कसा करणार. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमधल्या हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गरोदर मुलीचा ट्रॅक्टरखाली जीव गेला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली आणि जप्ती थांबवायला लावली, ती बंदी पुढच्या जानेवारीत उठली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम झाला होता की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत.

शोरूममधल्या टेबलाची गोष्ट वेगळी आहे. आपण गाडी बघायला जातो नंदुरबारला किंवा धुळ्याला, आणि रंग ठरायच्या आत फायनान्सवाला खुर्ची ओढून बसतो. तो शोरूमचा माणूस वाटतो, असतो फायनान्स कंपनीचा किंवा एजंट, आणि कर्जामागे शोरूमलाही वाटा मिळू शकतो. तिथेच विमा, तिथेच ॲक्सेसरीज, तिथेच 'प्रोसेसिंग'. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, तरी बहुतेकांना ते माहीत नसतं. मोठ्या बँकाही यात मागे नाहीत. वाहन कर्जाच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीची वस्तू विकण्याच्या प्रकारावरून मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला १० कोटींचा दंड केला. ती वस्तू म्हणजे गाडीत बसवायचं जीपीएस यंत्र. त्या वेळच्या ग्राहकांना बँकेने नंतर पैसे परत द्यायचं जाहीर केलं.

आणि व्याज. '८ टक्के फ्लॅट' म्हणतात तेव्हा काय होतं ते कॅल्क्युलेटरवर करून बघा. ६ लाख कर्ज, ५ वर्षं. ८ टक्क्यांनी वर्षाचे ४८ हजार, पाच वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ८ लाख ४० हजार, हप्ता १४ हजार. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवर लावलेलं असतं. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो. ८ आणि १४. वहीत लिहिण्याची पद्धत बदलली, एवढंच.

यासाठीच १ ऑक्टोबर २०२४ पासून नवा नियम लागू आहे. प्रत्येक किरकोळ कर्जाआधी कंपनीने एक 'मुख्य तथ्य विवरण' द्यायचं, शोरूममध्ये त्याला केएफएस म्हणतात. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, आणि ते समजावून सांगितल्याची नोंद घेऊन. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर त्यात एका आकड्यात लिहायचा, कंपनी दुसऱ्याच्या वतीने घेते ते विम्यासारखे पैसेही त्यात धरायचे. जो आकार त्या कागदावर नाही तो नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावायचा नाही. आणि वाहन कर्जासारख्या मोठ्या मुदतीच्या कर्जात हा कागद किमान ३ कामकाजाचे दिवस कायम राहतो. म्हणजे घरी आणा, पोराला दाखवा, बँकेशी ताडून बघा, मग सही करा. 'ऑफर आजच संपते' हे कर्जाच्या अटींना लागू नाही. त्याआधी एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जात थकलेल्या हप्त्याच्या दंडावर व्याज चढवणंही बंद झालं आहे.

१८७९ मध्ये जे मागितलं होतं, हिशेब दाखवा, पावती द्या, समजेल असं लिहा, ते वाहन कर्जात आत्ता कुठे लेखी नियमात आलं. १९७२ च्या कायद्यातलं दुसरं अर्धं, बरेच पैसे भरले असतील तर कोर्टाशिवाय गाडी नेऊ नका, ते अजून कुठल्याही कायद्यात नाही. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना यावर एकदा विचारून बघावं, उत्तर काय येतं ते मलाही ऐकायचं आहे.

काही कामाच्या गोष्टी. करारात 'फक्त मुंबई' किंवा 'फक्त चेन्नई' न्यायालय असं छापलेलं असतं आणि मग लवादाची इंग्रजी नोटीस येते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू आहे, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे नंदुरबारला. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. वस्तू किंवा सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करायची. कंपनीला आधी लेखी कळवून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते, चौकशीचा नंबर १४४४८. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गाडी नेली तर नेणाऱ्याकडून लेखी घ्या: तारीख, किलोमीटर, टायर, बॅटरी, आत काय सामान होतं. फोटो काढा. लिलाव कितीला झाला हे लेखी मागा, कारण कमी पडलेले पैसे नंतर तुमच्याकडे आणि जामीनदाराकडे मागतात, आणि जामीनदाराला बहुतेक वेळा तेव्हाच कळतं की आपण कशावर सही केली.

आणि ज्यांचे सगळे हप्ते फिटले आहेत त्यांनी आज घरी जाऊन आरसी बुक उघडून बघा. एनओसी आणि फॉर्म ३५ वर कंपनीची सही घेऊन आरटीओत बोजा उतरवल्याशिवाय एमएच ३९ च्या तुमच्या गाडीवर फायनान्सवाल्याचं नाव तसंच राहतं. कंपनी बंद पडली, दुसरीत विलीन झाली, शाखा उठून गेली, की ती सही मिळवायला किती फेऱ्या होतात ते ज्यांनी मारल्या त्यांनी कमेंटमध्ये सांगावं.